स्पर्धेतल्या फोटोवर खरं मत द्यायचं कसं, आणि आपल्यावर आलं की पचवायचं कसं?

पावसाळी_पायवाट

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मी साताऱ्याची, फोटोग्राफीत तीन वर्षं झाली, आमच्या इथे एक हौशी लोकांचा ग्रुप आहे, पंचवीस-तीस जण, दर महिन्याला एक विषय आणि त्यावर छोटी स्पर्धा, बाहेरचा एखादा परीक्षक बोलावतात. गेल्या महिन्यात विषय होता वारी. मी दिवे घाटात जाऊन आले होते, एका आजींचा फोटो, डोक्यावर तुळशीवृंदावन, मागे घाट चढणारी सगळी गर्दी. मला तो फोटो फार जवळचा आहे कारण त्या आजींबरोबर मी जवळजवळ तासभर चालले, त्यांनी मला त्यांच्या डब्यातली चटणी-भाकरी दिली. निकालात परीक्षकांचा शेरा एका ओळीचा, 'डोळे शार्प नाहीत, बॅकग्राउंड बिझी, क्रॉप टाइट हवा.' म्हणजे डोळे अस्पष्ट, मागे फार गर्दी, कडा अजून कापायला हव्या होत्या. बास. खरं सांगते, दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही.

पण मला विचारायचंय ते त्याच्या पुढचं आहे. ग्रुपमध्ये कुणाच्याही फोटोवर फक्त 'अप्रतिम', 'कडक', 'एक नंबर' एवढंच येतं आणि त्यातून कुणीच काही शिकत नाही असं मलाच वाटायचं, म्हणून ठरवलं की या महिन्यापासून मी खरं लिहीन. आमच्यातले एक काका, सत्तरीच्या आसपास, रिटायर्ड, बामणोलीचा संध्याकाळचा फोटो टाकला होता, कोयनेचं पाणी, आकाश. मी लिहिलं की आकाशाचा रंग खोटा वाटतो, निळा-जांभळा इतका कुठे असतो का, आणि होरायझन, म्हणजे क्षितिजाची रेषा, पण तिरकी आहे. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. काकांनी उत्तर दिलं नाही, आणि रात्री ग्रुप सोडून गेले. आता बाकीचे मला काही म्हणत नाहीयेत पण माझ्या फोटोवर कुणी काही लिहीतही नाहीये.

तर खरं बोलणं थांबवायचं का? की बोलायची काही पद्धत असते जी मला येत नाही? आणि स्वतःवर येतं तेव्हा ते मनाला इतकं का लागतं, ते कसं कमी करायचं?

तिपाई

ताई, आधी तुमच्या फोटोचं बोलतो कारण मी दहा-बारा वर्षं क्लबच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जातोय आणि तुम्हाला आला तसे एक ओळीचे शेरे मीही लिहिलेत, त्याचं वाईट वाटतं.

समोर दोन-अडीचशे फोटो असतात. पहिल्या फेरीत एकेका फोटोला काही सेकंद मिळतात, पाच-सात, कधी त्याहून कमी. मोठ्या सलोनमध्ये, म्हणजे मोठ्या फोटो स्पर्धांमध्ये, तर तीन परीक्षक बटण दाबून आकडा देतात, बेरीज होते आणि पुढचा फोटो येतो. त्या वेळात डोळा एकच काम करतो, कुठे थांबला आणि कुठे अडखळला. 'बॅकग्राउंड बिझी' म्हणजे परीक्षकाचा डोळा आजींवर थांबायच्या आधी मागच्या गर्दीत शिरला, एवढंच. तुम्ही आजींबरोबर तासभर चाललात ते त्याला माहीत नाही आणि फोटोत ते दिसलं नाही तर त्याला कळणारही नाही. शेरा त्या चौकटीवर आहे, त्या तासावर नाही. मला हे समजायला खूप वर्षं लागली.

डोळे शार्प नाहीत याचं कारण मी फोटो न बघता अंदाजाने सांगतो, ५० एमएम लेन्स १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून, ठेवली असेल ना? क्रॉप सेन्सर (छोट्या सेन्सरचा) कॅमेरा आणि दोन मीटर अंतर धरलं तर फोकसमधली जागा साधारण ११-१२ सेंटीमीटर, वीतभरही नसते. वृंदावन डोक्यावर, पुढे आलेलं, कॅमेऱ्याने पानं पकडली आणि डोळे मागे राहिले. त्यात आजी चालतायत. पुढच्या वेळी फोकसचा पॉइंट स्वतः डोळ्यावर ठेवा, छिद्र लहान करून ४ किंवा ५.६ वर जा, शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नका, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. हा परीक्षक एवढं लिहू शकला असता तर तुमचे दोन दिवस वाचले असते.

क्रॉपचं मात्र लगेच ऐकू नका. वारीत गर्दी हाच अर्धा विषय असतो, ती कापली तर आजी कुठल्याही गावच्या होतील. क्रॉपवर आपल्याकडे दोन टोकं दिसतात, कुणी प्रत्येक फोटोला 'टाइट करा' सांगतं, कुणी कार्टिए-ब्रेसाँ या प्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफरचं नाव घेऊन सांगतं की खरा फोटोग्राफर क्रॉप करतच नाही. ते क्रॉपच्या विरोधात होते हे खरं, पण १९३२ चा त्यांचा तो पॅरिसच्या सेंट-लझार स्टेशनमागचा, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो क्रॉप केलेला आहे, कुंपणाच्या फटीतून काढला होता आणि बाजूला फळी येत होती. कापल्याने तुमची गोष्ट नीट कळते का, एवढंच बघा.

आता मत कसं द्यायचं ते. मी एक सवय लावून घेतली आहे, 'हे चुकलंय' असं वाक्य लिहायच्या आधी 'माझी नजर आधी इथे गेली, मग इथे, आणि इथे अडकली' असं लिहितो. तुम्हाला आकाश खोटं वाटलं, ठीक. पण 'खोटा' हा शब्द फोटोवरून उडी मारून माणसावर जाऊन पडतो. 'माझी नजर आकाशातच राहिली, पाण्यापर्यंत पोचलीच नाही' असं लिहिलं असतं तर काकांना तेच कळलं असतं आणि त्यांना उत्तर द्यायला जागा राहिली असती. आणि एक प्रश्न नक्की विचारा, 'काका, यात तुम्हाला काय दाखवायचं होतं?' त्याचं उत्तर येईपर्यंत आपल्याला अर्धा फोटो माहीतच नसतो.

जुना_रोलवाला

तिपाईंशी मी अर्धाच सहमत आहे. गुळमुळीत बोलून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. 'नजर इथे गेली, तिथे गेली' हे ठीक आहे, पण होरायझन तिरका असेल तर तो तिरका आहे, त्याला दुसरं काय म्हणणार.

माझा अनुभव सांगतो. रोलचे दिवस, छत्तीस फोटोंचा रोल, तो धुवायचा, प्रिंट काढायच्या, पैसे मोजून खर्च. सोमवती अमावस्येला जेजुरीला गेलो, सगळीकडे भंडारा उधळतोय, पिवळं आकाश, येळकोट येळकोट, अंगावर काटा. दोन रोल संपवले. त्यातली सगळ्यात चांगली प्रिंट घेऊन एका ज्येष्ठ फोटोग्राफरकडे गेलो. त्यांनी ती हातात घेतली, नीट पाहिली आणि म्हणाले, 'हा फोटो मी पाहिलाय.' मी म्हटलं, नाही हो, गेल्याच महिन्यात काढलाय. म्हणाले, 'तू काढलेला नाही, पण हाच पाहिलाय, पन्नास वेळा.' आणि चहा मागवला. मला त्या चहाची चव लागली नाही. दोन महिने मी त्यांचं तोंड पाहिलं नाही.

पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. मग एकदा साध्याच एका दिवशी, यात्रा नसताना, जेजुरीला गेलो. गडाच्या पायऱ्यांवर एक बाई खराट्याने भंडारा झाडत होती, पायरीच्या सांध्यात अडकलेला पिवळा रंग निघता निघत नव्हता, तिच्या साडीचा काठ पिवळा, टाचा पिवळ्या. मी तिला विचारून फोटो काढले. तो फोटो मी अजून भिंतीवर ठेवलाय. त्या माणसाने तेव्हा 'छान आहे रे' म्हटलं असतं तर मी पुढची दहा वर्षं सोमवतीलाच जात राहिलो असतो.

तेव्हा ताई, खरं बोलणं थांबवू नका. फक्त एक फरक लक्षात घ्या, मी त्यांच्याकडे माझ्या पायाने गेलो होतो, विचारायला. आणि त्यांनी ते चार लोकांत नाही, त्यांच्या घरात सांगितलं, चहा पाजून सांगितलं. तुमच्या काकांनी मत मागितलं होतं का?

काजवा_मे_महिना

जुना_रोलवाला काका, तुमची जेजुरीची गोष्ट वाचून खरंच थांबले थोडा वेळ.

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे कारण यात दोन गोष्टी एकत्र होतायत असं मला वाटतं. ताईंनी 'खोटा' हा शब्द वापरला. फोटो आवडला नाही हे एक आणि फोटोत फसवणूक आहे असं म्हणणं हे दुसरं. आमच्या ग्रुपमध्ये मागे असंच झालं, काजव्यांचा फोटो, पुरुषवाडीकडचा, झाड नुसतं लखलखतंय. एकाने सगळ्यांसमोर लिहिलं की हे फोटोशॉप आहे. ज्याने काढला तो मुलगा रडकुंडीला आला, कारण त्याने एकाच जागेवरून काढलेले चाळीस एक्स्पोजर, म्हणजे चाळीस फोटो, एकावर एक रचले होते, काजव्यांचे बहुतेक फोटो असेच होतात, आणि त्या स्पर्धेच्या नियमात त्याला मनाईच नव्हती. नियम कुणी वाचलेच नव्हते.

अशी शंका खरंच असेल तर ती कमेंटमध्ये लिहायची नाही, आयोजकांना एकट्याला कळवायची, ते रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, मागतील. मोठ्या ठिकाणीही हेच करतात. बातम्यांच्या फोटोंची जागतिक स्पर्धा घेणाऱ्या वर्ल्ड प्रेस फोटोने २०१५ च्या स्पर्धेत शेवटच्या आधीच्या फेरीतल्या फोटोंच्या मूळ फाइल्स मागवून ताडून पाहिल्या आणि त्यातले साधारण २० टक्के बाद केले. त्याआधी वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरचा २००९ चा पहिला नंबर, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, तज्ज्ञांकडून चौकशी करून २०१० च्या जानेवारीत काढून घेतला, कारण तो लांडगा रानातला नसून माणसाळवलेला असावा असं त्यांचं मत झालं. म्हणजे आधी तपास आणि मग जाहीर. आपण मात्र आधी जाहीर करतो.

आणि स्वतःवर आलेलं पचवण्याबद्दल, माझा साधा उपाय, शेरा आला की त्या दिवशी उत्तर लिहायचं नाही. एका आठवड्याने तो फोटो छोटा करून, अंगठ्याएवढा, बघायचा. छोट्या आकारात आपलं प्रेम कमी होतं आणि चूक दिसते. नाही दिसली तर शेरा सोडून द्यायचा, प्रत्येक परीक्षक बरोबरच असतो असं थोडंच आहे.

चष्म्याचा_नंबर

मी स्वतः फोटोग्राफर नाही, माझा नवरा आहे, त्याच्यामुळे इथे वाचत असते. मी डोळे तपासायचं काम करते, ऑप्टोमेट्रिस्ट. ताईंचा प्रश्न वाचून मला त्या काकांचं आकाश सोडून दुसरं काही सुचेना म्हणून लिहितेय.

सत्तरीतला माणूस आणि निळा-जांभळा रंग जास्त, हे मी वाचलं की पहिला विचार मोतीबिंदूचा येतो. वयाबरोबर डोळ्यातली लेन्स पिवळट होत जाते, निळा प्रकाश अडवते, आणि हे इतकं हळू होतं की माणसाला कळतच नाही. त्याला आकाश फिकट, मळकट दिसतं, मग तो निळा वाढवतो, त्याच्या डोळ्याला तेव्हाच ते बरोबर वाटतं. चित्रकार मोने यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्यांना मोतीबिंदू होता, १९२३ मध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्या काळातल्या त्यांच्या चित्रांमधले रंग बघा, कसे बदललेत. ऑपरेशन झालेले पेशंट आमच्याकडे पट्टी काढल्यावर विचारतात की भिंत नवीन रंगवली का.

मी न तपासता काही म्हणू शकत नाही, साधं कारणही असेल, लॅपटॉपवर रात्रीचा पिवळा मोड चालू राहिला असेल तरी हेच होतं. किंवा त्यांना तसाच रंग आवडत असेल. पण होरायझन तिरका आणि रंग जास्त, दोन्ही एकदम आहेत म्हटल्यावर मी आधी विचारलं असतं की काका, दिसायला काही त्रास होतो का.

पावसाळी_पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. चष्म्याचा_नंबर ताई, तुमचं वाचून मी अर्धा तास नुसती बसून होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिपाई सर, लेन्स ५० चीच होती आणि १.८ वरच होती.

काल संध्याकाळी धीर करून काकांना फोन केला. आधी माफी मागितली, 'खोटा' शब्दाची, आणि ते चार लोकांत लिहिल्याची. होरायझनचं मागे घेतलं नाही, तसं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मी तिपाई सरांनी सांगितलेला प्रश्न विचारला, काका, तुम्हाला यात काय दाखवायचं होतं? तर म्हणाले, 'अगं ती होडी. बघितलीस का?' मी होडी बघितलीच नव्हती. उजवीकडे खाली, अगदी लहान, काळी. त्यांचे एक मित्र होते तिकडे, होडी चालवायचे, धरणात गाव गेलेल्या घरातले, यंदा वारले, आणि आता त्यांचा मुलगा तीच होडी चालवतो. ती होडी दिसावी म्हणून त्यांनी आजूबाजूचं सगळं गडद करत नेलं होतं. मी फोन कानाला धरूनच लॅपटॉपवर फोटो उघडला आणि म्हटलं काका, आकाश इतकं पुढे आलंय की माझी नजर होडीपर्यंत गेलीच नाही, वरचं थोडं कापलं तर ती दिसेल. तर लगेच म्हणाले किती कापू, वीस टक्के? मग पाऊण तास आम्ही त्याच फोटोवर बोललो.

डोळ्यांचं मी फोनवर काही काढलं नाही, मला ते बरोबर वाटलं नाही. रविवारी त्यांच्या घरी जातेय, माझा लॅपटॉप घेऊन, दोन्ही स्क्रीनवर तोच फोटो शेजारी शेजारी लावून बघू म्हटलंय. तेव्हा त्यांना काय दिसतं ते विचारीन. ग्रुपमध्ये ते परत यायला अजून तयार नाहीत, मीही आग्रह केला नाही. माझा आजींचा फोटो मात्र त्यांनी मागून घेतलाय, म्हणाले रविवारी तुझं पण बघू.

तिपाई

रॉ फाइल घेऊन जा ताई, जेपेग नको. आणि त्यांच्या होडीच्या फोटोचीही रॉ मागा, सावल्यांमध्ये अजून बरंच काही मिळेल.