आदिवासींचे लढे १८५७ नंतर पाठ्यपुस्तकांतून कोठे जातात?

शिक्षिका, नंदुरबार:
माझ्या वर्गातील बहुसंख्य मुले भिल्ल आणि पावरा आहेत. शालेय पुस्तकांत उमाजी नाईक, भिल्ल व कोळी यांचे उठाव १८५७ च्या आधी थोडक्यात येतात आणि राष्ट्रीय सभेच्या स्थापनेनंतर हे समाज जवळजवळ दिसतच नाहीत. १९४२ मध्ये गोळीबारात हुतात्मा झालेला शिरीषकुमार मुलांना ठाऊक आहे; मात्र ‘आमच्या लोकांनी पुढे काय केले?’ या एका मुलाच्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आले नाही. अशी मांडणी का झाली असावी?

निवृत्त प्राध्यापक, पुणे:
मुळाशी साधनांचा प्रश्न आहे. उमाजींविषयीची बरीचशी माहिती कॅप्टन मॅकिंटॉश या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याच्या वृत्तान्तातून आली. राज्यकर्त्यांच्या कागदांतला ‘दरोडेखोर’ हा शब्द आपण काढून टाकला, परंतु वतन गेले, उपासमार झाली आणि म्हणून माणसे चिडली, ही कारणमीमांसा तशीच ठेवली. १८३१ च्या जाहीरनाम्यात उमाजींनी लोकांना इंग्रजांची नोकरी सोडण्यास आणि सारा न भरण्यास सांगितले होते. राज्य कोणाचे, हाच प्रश्न त्यात विचारलेला आहे. त्यांना १८३२ मध्ये पुण्यात, कोळ्यांचे नेते राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्यात आणि गोंडांचे नेते बाबूराव शेडमाके यांना १८५८ मध्ये चांद्यात (आजचे चंद्रपूर) फाशी झाली. यांपैकी किती नावे आपल्या विद्यार्थ्यांना सांगता येतील?

वाचक, उरण:
सरांचे म्हणणे मान्य आहे, पण १९३० साठी साधनांची सबब पुरत नाही. आमच्या तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यात नाग्या महादू कातकरी हुतात्मा झाले. १८७८ च्या वनकायद्याने रान, सरपण आणि चराई यांवरचे लोकांचे हक्क आवळले गेले होते, त्यामुळे कातकऱ्यांसाठी हा सत्याग्रह वरून आलेला कार्यक्रम नव्हता, तो त्यांच्या जुन्याच लढ्याचा पुढचा टप्पा होता. पुस्तकात मात्र जंगल सत्याग्रह सविनय कायदेभंगाच्या प्रकरणात येतो आणि आदिवासींचे उठाव कितीतरी पाने आधी, म्हणून मुलांना त्यांतला धागा दिसत नाही.

शिक्षिका, नंदुरबार:
हा धागा मला सुचला नव्हता. सातपुड्यातील अंबापाणीला एप्रिल १८५८ मध्ये भिल्लांनी कंपनीच्या फौजेशी लढाई दिली होती, तेव्हा पुढच्या तासाला तेथून आरंभ करून चिरनेरपर्यंत येते. त्या लढाईतील भिल्लांचे नेते खाज्या नाईक यांच्याविषयी घरी काय सांगितले जाते, ते मुलांना आजी-आजोबांना विचारून यायला सांगितले आहे.