पॉइंट टू टूसाठी इलेक्ट्रॉनिक इअरमफ: गरज की चैन?

लोकमान्यनगरकर
मुलगी दहा मीटर एअर पिस्तुलावरून आता पंचवीस मीटरला चाललीये, पॉइंट टू टू (.२२ बोअर) स्पोर्ट पिस्टल. एअरला कानाचा एवढा प्रश्नच नव्हता, पोरं कानात प्लग घालतात ती गडबड ऐकू येऊ नये म्हणून. आता खरं बारूद आलं. आमच्या इंदूरच्या क्लबातल्या पालकांच्या ग्रुपवर रोज कोणीतरी इलेक्ट्रॉनिक मफची लिंक टाकतं, आणि न घेणारा बाप कंजूस ठरतो. तर माझं मत मुद्दाम इथे मांडतोय, खोडून दाखवा.

नवीन पोरासाठी इलेक्ट्रॉनिक मफ ही चैन आहे. गोळीचा आवाज अडवते ती प्लॅस्टिकची वाटी आणि तिच्या कडेची गादी, बॅटरी नाही. बॅटरीचं काम एवढंच की बाहेरच्या माइकने बोलणं उचलायचं, आतल्या स्पीकरवर वाजवायचं आणि आवाज ८२-८५ डेसिबलच्या वर जायला लागला की दाबून टाकायचा. सेल संपला तर तो साधा मफच राहतो. मग पैसे कशाचे देतोय आपण? हॉवर्ड लाइटचा इलेक्ट्रॉनिक इम्पॅक्ट स्पोर्ट घ्या, सगळ्यांच्या डोक्यावर तोच असतो, एनआरआर (मफ किती डेसिबल आवाज कमी करतो त्याचा छापील आकडा) २२. आणि पेल्टरचा साधा, बिनसेलचा एक्स फाइव्ह ए घ्या तर ३१.

दुसरं म्हणजे मॅचला तो चालतच नाही. आयएसएसएफच्या (नेमबाजीचा जागतिक महासंघ) नियमात खेळाडूच्या कानावर फक्त आवाज कमी करणारं काहीतरी हवं, रिसीव्हर असलेलं नको, आणि आपल्याकडे एनआरएआयच्या (राष्ट्रीय रायफल संघटना) मॅचेस त्याच नियमाने होतात. मग वर्षभर एक घालून सराव करायचा आणि मॅचच्या दिवशी दुसरं, हे कोणत्या शहाण्याने सांगितलंय?

महूवाले काका
भिया, दोन्ही मुद्दे कागदावर बरोबर आहेत पण रेंजवर उभं राहून बघा. मी महूला राहिलोय, फौजेच्या मार्क्समनशिप युनिटची पोरं जवळून बघितलीत, विजय कुमार २०१२ला लंडन ऑलिंपिकहून रौप्य घेऊन आला तो त्याच युनिटचा. त्या पोरांना कमांड ऐकायला इलेक्ट्रॉनिक लागत नाही कारण कमांड त्यांच्या हाडात मुरलीये. तुमची मुलगी नवीन आहे हो. शेजारच्या लेनवर कुणाचं पिस्तूल अडकलं, रेंज ऑफिसर 'स्टॉप' ओरडला आणि हिच्या कानावर तुमचा ३१वाला डबा, तर ही भरलेलं पिस्तूल हातात घेऊन काय झालं म्हणून मागे वळेल. हा सीन मी बघितलाय, एकदा नाही. नळी कुठे फिरते ते बघून पोटात गोळा येतो.

नवशिक्याला ऐकू आलंच पाहिजे. मॅचचं मॅचला बघू.

लोकमान्यनगरकर
काका, मागे वळणं ही ट्रेनिंगची चूक झाली, मफची नाही. पिस्तूल खाली न ठेवता वळायचं नाही हे पहिल्या दिवशी शिकवायला हवं. आणि पंचवीस मीटरच्या रॅपिड सीरिजमध्ये 'अटेन्शन' झालं की पुढे सगळा दिव्यांचा खेळ, सात सेकंद लाल, तीन सेकंद हिरवा. त्यात ऐकायचं काय आहे?

नेमधारी
मी काकांच्या विरुद्ध पार्टीत. इलेक्ट्रॉनिक घालणाऱ्या पोरांचं लक्ष अर्धं मागच्या गप्पांकडे असतं. मागे बाकावर पालक बसलेले, कोणाचा मुलगा किती मारून आला, कोणी पोहे आणलेत, सगळं मुलाच्या कानात आवाज वाढवून जातंय. नेमबाजी हा डोकं बंद ठेवायचा खेळ आहे राव. आणि पॅरिस ऑलिंपिकला त्या तुर्की काकांनी, यूसुफ डिकेचने, नुसता घरचा चष्मा आणि खिशात हात घालून रौप्य नेलं, मफबिफ काही नाही. आपणच सामानाचे भुकेले.

ऑडिओ ताई
नेमधारी, त्याचा तो गाजलेला फोटो जरा मोठा करून बघा, डिकेचच्या कानात प्लग आहेत. बरं ते एअर पिस्तूल, त्याचा इथे संबंधच नाही.

मी कानांच्या तपासण्या करते, इथे इंदूरलाच, म्हणून थोडं लांबण लावते. पॉइंट टू टूला सगळे 'छोटी गोळी' म्हणतात. रायफलची लांब नळी असेल तर ठीक, पण पिस्तुलाची नळी आखूड आणि तोंड कानाजवळ, त्यामुळे आवाजाचं टोक (पीक) १५० डेसिबलच्या आसपास जातं. एका क्षणासाठीसुद्धा १४०च्या वर उघडा कान नको, असा जगभर धरलेला हिशोब आहे. त्यात आपल्याकडच्या बऱ्याच रेंजवर वर पत्रा आणि बाजूला भिंत, म्हणजे आवाज फिरून परत येतो. पोरांना काही कळत नाही कारण दुखत नाही. आधी जातं ते चार हजार हर्ट्झच्या आसपासचं, बोलणं ऐकू येत राहतं, फक्त च, स, फ असे बारीक आवाज पुसट होतात, मग कधीतरी रात्री कानात शिट्टी वाजायला लागते आणि ती थांबत नाही. आतल्या त्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

आता तो २२ आणि ३१ चा आकडा. लोकमान्यनगरकर, तो प्रयोगशाळेतला आकडा आहे, तज्ज्ञाने नीट बसवून मोजलेला. अमेरिकेची ओशा (कामाच्या जागची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) खबरदारी म्हणून छापील आकड्यातून ७ वजा करून उरलेल्याचं अर्धं धरायला सांगते. तो कारखान्याच्या सततच्या आवाजाचा हिशोब, गोळीला जसाच्या तसा लागत नाही, पण अंदाज येतो. ३१चे झाले १२ आणि २२चे साडेसात. म्हणजे दुकानात दिसणारा नऊचा फरक कानापाशी साडेचारवर आला. आणि चष्म्याची जाड काडी गादीखाली गेली की तोही जातो. दार लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखं आहे ते.

लोकमान्यनगरकर
ताई म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय ना? दोन्हीतला फरक एवढाच असेल तर स्वस्त आणि साधा घ्यावा.

ऑडिओ ताई
नाही हो. कुठलाही घ्या, पण खाली फोमचा प्लग हवाच असं म्हणतेय. दोन्ही घातले की साधारण मोठ्या आकड्यात ५ मिळवायचे, बेरीज नाही करायची. आणि प्लग घालताना बघते मी पोरांना, नुसता बोटाने दाबतात आणि अर्धा बाहेर. तो बारीक वळून, सुरकुती न पडता, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, मग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा, वीस-तीस सेकंद. समोरून बघितलं तर प्लग दिसायला नको. वीस रुपयांची वस्तू आहे, पण नीट बसली तर महागड्या मफच्या बरोबरीने काम करते.

पीथमपूर सेफ्टी
कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा ठोकून आकार देणारी मोठी यंत्रं) सेफ्टी बघतो मी, माणसांच्या डोक्यावर मफ टिकवणं हाच माझा धंदा. ताईंचं सगळं मान्य, पण एक गोष्ट राहिली. जगातला सगळ्यात चांगला मफ तोच जो काढला जात नाही. शॉपमध्ये माणूस मफ का काढतो? बोलायला. सुपरवायझर काही विचारतो, हा एक वाटी कानावरून सरकवतो, 'क्या बोला?' आणि तेवढ्यात प्रेस पडतो. रेंजवर याहून वाईट, कारण प्रेसला ठेका असतो, शेजारच्याच्या बोटाला नसतो. कोच मागून काही सांगायला आला, पोरीने डावी वाटी उचलली, डाव्या लेनवाल्याने फायर केलं. झालं.

इलेक्ट्रॉनिकचे पैसे याचे आहेत, लोकमान्यनगरकर. वाटी उचलायची वेळच येत नाही.

महूवाले काका
हेच मी म्हणत होतो, फक्त मला इतकं सुचलं नाही 😀

नेमधारी
मग कोचने मधे बोलूच नये ना. सीरिज संपली, पिस्तूल रिकामं, चेंबर फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण) लावला, पूर्ण लाइन थांबली, मग सगळ्यांनी मफ काढून काय ते बोला. मधेच खांद्यावरून सूचना देणारा कोच हाच खरा प्रॉब्लेम आहे.

पीथमपूर सेफ्टी
कागदावर हो. आपल्या रेंजवर पूर्ण लाइन कधी थांबते? एकाचं स्लो फायर, दुसऱ्याचं साइट झीरो करणं (नेम जुळवणं), कडेला कोणीतरी साहेब लायसन्सचं बत्तीस बोअर घेऊन आलेले. तिथे पोराच्या कानावर काय राहतं ते बघा, नियमात काय लिहिलंय ते नाही.

सर्किटवाला
दुरुस्तीचं काम करतो, जेल रोडला बसतो, म्हणून आतलं सांगतो. इलेक्ट्रॉनिकमध्येही दोन जाती. एक कट-ऑफवाली, मोठा आवाज आला की स्पीकर बंदच, मग अर्धा-पाऊण सेकंद शांतता. एकटे असाल तर चालतं, पण आठ लेन चालू असतील तर सतत टक टक बंद-चालू, आणि काकांचा तो 'स्टॉप' नेमका त्या बंदमध्ये गेला तर? दुसरी कॉम्प्रेशनवाली, ती बंद होत नाही, मोठा आवाज खाली दाबते आणि बाकीचं ऐकू येत राहतं. दुकानात टाळी वाजवून बघा. टाळीनंतर पंख्याचा आवाज गायब झाला तर कट-ऑफ. आणि माइक दोन्ही वाट्यांवर वेगळे हवेत, एकच असेल तर आवाज कुठून आला तेच कळत नाही.

ऑनलाइन त्याच चेहऱ्याचे निम्म्या किमतीचे मिळतात, त्यात मी दोन उघडलेत. वाटीत फोमच्या जागी नावाला पातळ स्पंज. असल्यापेक्षा लोकमान्यनगरकरांचा साधा मफ शंभरदा बरा.

आणि नॉइज कॅन्सलिंगचे गाण्याचे हेडफोन कोणी घालून येऊ नका प्लीज, ते विमानाच्या घरघरीसाठी असतात, गोळीसाठी नाही.

लोकमान्यनगरकर
चला, वाटी उचलायचा मुद्दा दमदार आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मॅचचा प्रश्न कोणी घेतलाच नाहीये. सगळ्यांनी टाळला. सरावाला कोचचा आवाज, मागची कुजबुज, स्वतःच्या पिस्तुलाचा बारीक क्लिक, हे सगळं कानात, आणि स्टेट मॅचला अचानक विहिरीत पडल्यासारखी शांतता. पोरीचं तंत्र बिघडलं तर?

महूवाले काका
सुरुवातीला घालू द्या. सेफ्टी अंगात मुरली की मॅचच्या महिनाभर आधीपासून साधा मफ, प्लग खाली तोच. एवढं काय त्यात.

नेमधारी
किंवा उलटं करा. इलेक्ट्रॉनिक घ्यायचाच तर कोचने घ्यावा, त्याला पाच जणांचं ऐकायचं असतं. रेंज ऑफिसरला तर नियमातही चालतो. पोरांना साधा. आणि पोराला काही सांगायचं असेल तर कोचने खांद्यावर हात ठेवावा, पोराने पिस्तूल टेबलावर ठेवावं आणि दोघांनी मागच्या रेषेच्या बाहेर यावं. फुकट आहे.

पीथमपूर सेफ्टी
मागच्या रेषेच्या बाहेरसुद्धा १४० असू शकतं भाऊ. तिथेही वाटी उचलायची नाहीच.

ऑडिओ ताई
सरावासाठी एक मधला मार्ग आहे. खाली फोम, वर इलेक्ट्रॉनिक, आणि त्याचा आवाज वाढवलेला. प्लगमधूनही कोचचं बोलणं पोचतं. मॅचला खालचा फोम तसाच, वरचा मफ फक्त बदलायचा. बदल होतो पण थोडा.

आणि कोणताही घ्या, गादीकडे लक्ष ठेवा. आपल्या इथल्या मे महिन्यात घामाने आणि गाडीच्या डिकीत ठेवून ती कडक होते, बारीक भेगा पडतात, मग सील गेलं. गाद्या वेगळ्या विकत मिळतात ते मॉडेल घ्या.

लोकमान्यनगरकर
म्हणजे फोम आणि साधा मफ या रविवारी घेतो, तेवढं तर ठरलं. इलेक्ट्रॉनिकवर मी अजून अडून आहे, मॅचला न चालणाऱ्या वस्तूला एवढे पैसे पटत नाहीत.

सर्किटवाला
माझ्याकडे एक कॉम्प्रेशनवाला पडलाय, गाद्या नवीन आहेत. रविवारी रेंजवर आणतो, दोन सीरिज घालून बघू द्या तिला. चष्मा लावते ना? तोच घालून यायला सांगा, काडी जाड असेल तर आधी तेच बघावं लागेल.