पितृपक्षाशी तुलना अर्धीच जुळते

छिंगमिंग हा पूर्वजांची थडगी साफ करून त्यांना पुजण्याचा चिनी सण. 'छिंगमिंग म्हणजे चिन्यांचा पितृपक्ष' असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. पितृपक्षाच्या जास्त जवळचा त्यांचा सण वेगळा आहे, सातव्या चांद्रमासातल्या पौर्णिमेच्या सुमाराचा; तेव्हा मृतात्मे घरी परततात अशी समजूत. छिंगमिंग सूर्याच्या गणिताने चालतो, म्हणून संक्रांतीसारखा दरवर्षी साधारण ४-५ एप्रिललाच येतो, आणि त्यात जिवंत माणसं थडग्यापाशी जातात.

हाँगकाँगमध्ये तर हे थडग्यांवर जाणं वर्षातून दोनदा चालतं, छिंगमिंगला आणि नवव्या चांद्रमासातल्या नवमीलाही. दोन्ही दिवस सरकारी सुट्टी. गवत उपटायचं, दगडावरची पुसट अक्षरं रंगाने पुन्हा गिरवायची, आणि ऐपत असेल तर भाजलेलं आख्खं डुक्कर पूर्वजांना दाखवून तिथेच कापून खायचं (सुतकी वातावरण फारसं नसतंच). पूर्वजांसाठी खोट्या कागदी नोटा जाळताना सुकं गवत पेटून डोंगरावर वणवे लागतात, ही तिथली जुनी डोकेदुखी.