कोपेश्वराभोवती पूरभिंत हवी की नको?

शिरोळकर
२०१९ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात कृष्णेचं पाणी शिरलं, २०२१ ला पुन्हा. दोन्ही वेळा पाणी ओसरल्यावर जाऊन आलोय. देऊळ पाठीवर घेतलेल्या हत्तींच्या पायांत गाळ अडकलेला, वर भेगाळलेली पापुद्र्यासारखी माती. बाराव्या शतकातलं शिलाहारांचं काम असं किती वेळा बुडू द्यायचं? माझं म्हणणं सरळ आहे, देवळाभोवती काँक्रीटची भक्कम भिंत घाला. व्हेनिसवाल्यांनी समुद्रात दरवाजे बसवले, २०२० पासून ते भरती अडवतात. आपल्याला एक भिंत जमत नाही? विरोध असेल तर कारणं द्या, "निसर्गाशी खेळू नका" एवढ्यावर भागवू नका.

वाडीचा
देतो की. कोपेश्वराच्या पुढच्या खुल्या स्वर्गमंडपात उभं राहून वर बघितलंय ना? मधोमध गोल आभाळ आहे, छत नाही. भिंत घातली तर नदी बाहेर राहील आणि पाऊस आत साठेल. तो उपसायला पंप पाहिजे. आणि महापुरात आमच्याकडं सगळ्यात आधी काय जातं? लाईट.

दुसरं म्हणजे झिरपा. भिंतीबाहेर पुरुषभर पाणी आणि आत कोरडं असलं की ते पाणी जमिनीखालून आत घुसायला बघतं. काठची माती मऊ, तिचे बारीक कण पाण्याबरोबर निघून जातात आणि पाया पोकळ होतो. आतबाहेर पाणी सारखं असलं तर दाबही सारखा राहतो.

आमच्या नृसिंहवाडीत बघा. दत्ताच्या देवळात पाणी उत्तरेकडून येतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिण दारातून बाहेर पडतं. दक्षिणद्वार झालं म्हणून लोक त्या पाण्यात आंघोळीला येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामी मंदिरात नेतात, बाकी देऊळ कृष्णामाईच्या हवाली. पूर येणार हे धरूनच तिथला सगळा व्यवहार चालतो.

शिरोळकर
वाडीचं देऊळ साधं आहे हो. खिद्रापूरला इंचभर जागा कोऱ्या दगडाची नाही, तुलना कशी करता? आणि पंप डिझेलवरही चालतो.

अभिलेख
भिंतीचा विषय इथेच संपतो. ते केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद.

शिरोळकर
कायदा माणसांनीच केलाय, माणसं बदलतील.

काठावरचा
आधी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची बघा, मग भिंती बांधा.

वाडीचा
२०१९ च्या पुराला अलमट्टी कारणीभूत नाही, असं पुराच्या अभ्यासासाठी सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं सांगितलंय. ते पटत नसेल तर त्यावर वेगळा धागा काढा, इथं नको.

टाकीचा घाव
दोघंही पाण्यावरच भांडताय. दगड काळा बेसाल्ट आहे, चार दिवस पाण्यात राहिला म्हणून लगेच विरघळत नाही. खरी गंमत पाणी उतरल्यावर सुरू होते. गाळ ओला असताना साधं पाणी आणि मऊ ब्रश एवढ्यावर निघतो. वाळला की नक्षीच्या खाचांत घट्ट बसतो, मग कुणीतरी प्रेशरचा पाईप लावतं, सांध्यांतला भराव उडतो.

आमच्या गावचं जुनं देऊळ असंच बुडालं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही पोरं उत्साहानं तारेचे ब्रश घेऊन गेलो. दाराच्या कोरीव चौकटीवरच्या एका मूर्तीचं नाक त्या दिवशी गेलं. पुरानं नाही, आम्ही घालवलं. गावात अजून "पुरात गेलं" असंच सांगतात, आणि मीही दुरुस्त करत नाही.

मोडीवाली
सगळा धागा दगडावर चाललाय म्हणून विचारते, कागदांचं काय? २०१९ ला सांगलीत आमच्या वाड्यात पाणी आलं. आजोबांची मोडी दप्तरं खालच्या कपाटात होती. ओल्या पानांचा लगदा झालेला, मी घाईनं पानं सोडवायला गेले आणि शाईसकट पापुद्रा हातात आला. नंतर कळलं, तसाच गठ्ठा सावलीत ठेवून मध्ये टिपकागद घालत जायचं असतं. देऊळ निदान पाणी उतरल्यावर जागेवर तरी असतं.

शिरोळकर
भिंतीचा हट्ट मी सोडलेला नाही, स्वर्गमंडपाच्या पावसाला डिझेल पंप हे उत्तर मला अजून पुरेसं वाटतं. पण गाळाचं पटलं. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका, हे शाळेतलं पोरगंही सांगतं. देवळात गाळ कुणी काढायचा, कशानं काढायचा, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. वाडीकर, तुमच्याकडं मूर्ती कधी हलवायची ते कोण ठरवतं?

वाडीचा
पुजारी. घाटाच्या किती पायऱ्या उरल्या ते बघून.