मदत हवी आहे: एवढ्या ओसाड समुद्रात टूनाची पिल्लं खातात तरी काय?

नमस्कार मंडळी, एमएस्सी सागरी जीवशास्त्र, दुसरं वर्ष. सेमिनारला सदर्न ब्लूफिन टूना घेतलाय, आपल्याकडच्या कुप्याचाच भाऊबंद. मोठे मासे राहतात दक्षिणेच्या थंड पाण्यात, पण अंडी घालायला येतात जावा आणि वायव्य ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोमट समुद्रात.

तर अडलंय इथे. ते पाणी निळंशार, त्यात नायट्रेट (वनस्पतींचं खत) जवळपास नाहीच, त्यामुळे वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणारे, उन्हावर वाढणारे सूक्ष्मजीव) म्हणजे मुख्यतः प्रोक्लोरोकॉकस, जेमतेम 0.6 मायक्रॉनचा जिवाणू. एवढा बारीक घास बहुतेक कोपेपॉडना (कोळंबीच्या गोतातले इवलेसे प्राणी) धरताच येत नाही, मग आधी त्याला फ्लॅजेलेट खाणार, फ्लॅजेलेटला सिलिएट (दोन्ही एकपेशीय), सिलिएटला कोपेपॉड आणि मग कुठे लार्वाचा, म्हणजे टूनाच्या पिल्लाचा नंबर. दर पायरीला खाल्ल्यातलं 10 टक्केच अंगाला लागतं असं धरलं तर 1000 ग्रॅम प्रोक्लोरोकॉकसमागे कोपेपॉड उरतात 1 ग्रॅम!! तीनदा गणित केलं, तेच येतंय. मग पिल्लं जगतात कशी? माझं काहीतरी चुकतंय हे नक्की.

दुसरं म्हणजे प्राणीप्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांचे) आकडे मी 1965 ला संपलेल्या हिंदी महासागर मोहिमेच्या नकाशांतून घेतलेत (त्याच मोहिमेनंतर 1966 ला गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) सुरू झाली, म्हणून मला त्या डेटाचं फार अप्रूप आहे). ते चालतील का? प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे.

उत्तर:
गणित बरोबर आहे, 10 टक्के चुकलेत. एकपेशीय जीव खाल्ल्यातलं 20-30 टक्के अंगाला लावतात, तिथे 30 धरून बघ. शिवाय तू अपेंडिक्युलेरियन विसरलीस गं! हा जीव शेंबडासारखं घर विणतो, त्यातून पाणी गाळून प्रोक्लोरोकॉकसएवढे कण थेट खातो आणि ब्लूफिनचे लार्वा त्याला खातात, म्हणजे मधल्या दोन पायऱ्या गायब. मेक्सिकोच्या आखातात अटलांटिक ब्लूफिनच्या लार्वांच्या पोटात कोपेपॉड, क्लॅडोसेरा (पाणपिसवा) आणि हेच अपेंडिक्युलेरियन सापडलेत.

नकाशे जपून वापर. त्या मोहिमेच्या जाळ्याचं छिद्र 330 मायक्रॉनचं, कोपेपॉडची पिल्लं त्यातून सरळ निसटतात, आणि नुकता खायला लागलेला लार्वा नेमकी तीच खातो. अपेंडिक्युलेरियन तर जाळ्यात चिरडतात. वर जाळं 200 मीटरवरून ओढलेलं, टूनाचा लार्वा मात्र दिवसा डोळ्यांनी बघून वरच्या थरात खातो, त्यामुळे तुझ्या आकड्यात त्याचं ताट दिसतच नाही. मोठ्या प्राणीप्लवकांचं चित्र दाखवायला नकाशे ठेव, पण जाळ्याचं माप स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिही.

— बापरे, जाळ्याचं माप मी बघितलंच नव्हतं! आज रात्री सगळं परत करते, खूप खूप आभार. आणि हे अपेंडिक्युलेरियन फॉर्मेलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) टिकतात का? आमच्या लॅबमध्ये जुन्या बाटल्या आहेत, उघडून बघू का?