टेरेस्ड घरं: गच्ची, ओळ की मजगी?

लंडनच्या अलेक्झांड्रा रोडवरच्या घरांबद्दल मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच वाक्यात अडले. 'टेरेस्ड हाउसिंग इस्टेट'चं 'गच्चीवाल्या घरांची इस्टेट' केलं आणि खोडून टाकलं. काय म्हणावं?

प्रतिसाद १

'इस्टेट' काढाच. आपल्याकडे इस्टेट म्हणजे जमीनजुमला, जिच्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात ती. ही ५२० घरं लंडनमधल्या कॅम्डेन भागाच्या नगरपालिकेनं भाड्यानं द्यायला बांधली. 'वसाहत' म्हणा.

'टेरेस्ड'ची गोष्ट लांबची आहे. मूळ लॅटिन 'तेर्रा' म्हणजे भुई, त्यावरून टेरेस म्हणजे भर घालून सपाट केलेली जमीन. पुढे इंग्रजीत भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेलाही टेरेस म्हणू लागले. त्या घरांना बहुधा उतरतं छप्पर असतं, गच्ची नसतेच. आपले बिल्डर ज्याला रो हाउस म्हणतात ते हेच. मला 'ओळघर' आवडतं. 'चाळ' मात्र नको. चाळ म्हटलं की सामायिक गॅलरी डोळ्यांपुढे येते. इथे बहुतेक घरांना रस्त्यावरून उघड्या जिन्यानं वर जायचं.

पण या वसाहतीला नुसतं 'ओळघरं' पुरत नाही. वास्तुकार नीव्ह ब्राउन यांनी १९६८ साली आराखडा केला, बांधकाम १९७२ ते ७८. शेजारून रेल्वेची मोठी लाइन जाते. त्या बाजूला आठ मजली रांग रुळांकडे पाठ करून उभी केली, म्हणजे आवाज अडेल. हादरे बसू नयेत म्हणून पायात रबराचे थर दिले. आतल्या बाजूला मात्र प्रत्येक मजला थोडा मागे सरकत जातो. खालच्याचं छप्पर ते वरच्याचं अंगण! प्रत्येक घराला उघड्या आभाळाखालची स्वतःची जागा मिळावी, हा ब्राउन यांचा आग्रह होता. कोकणात डोंगरउतारावर बांध घालून भातासाठी पायऱ्या करतात, त्याला आम्ही मजगी म्हणतो. अगदी तसंच. शब्दाचे तिन्ही अर्थ इथे एकत्र नांदतात, म्हणून तुमची गच्चीही अगदीच चूक नव्हती.

प्रतिसाद २

या वसाहतीला इंग्रजीत 'लिस्टेड' म्हणतात, त्यासाठी 'सूचीबद्ध' लिहू नका, शेअर बाजारातली कंपनी वाटते. 'वारसा म्हणून संरक्षित' लिहा. १९९३ मध्ये हा दर्जा मिळाला. महायुद्धानंतरच्या नगरपालिका वसाहतींत ही पहिलीच. 'संरक्षित' म्हणजे कुंपण आणि पहारा नव्हे, हेही एका वाक्यात सांगा. लोक तिथे राहताहेत, फक्त इमारतीचं रूप बदलेल असं काही करायचं तर आधी परवानगी लागते.

मूळ प्रश्नकर्ती

मजगी! माझं आजोळ राजापूरकडचं, तरी सुचला नाही. आता वाक्य असं: 'ओळीनं बांधलेल्या आणि मजगीसारख्या चढत गेलेल्या घरांची वसाहत.' लांब आहे, पण चित्र उभं राहतं.

अजून एक. काँक्रीटला गिलावा नाही, त्यावर लाकडाच्या रेषा न् रेषा उमटल्यात. 'फळ्यांचे वळ' चालेल?

प्रतिसाद १

वळ मारल्यावर उठतात. 'सेंटरिंगच्या फळ्यांचे ठसे' लिहा, गवंडीही तसंच म्हणेल.