हळदीतलं शिसं: हॉटप्लेटची भलामण करणाऱ्यांना उत्तर

निळी_ज्योत
परवा इथे एका सदस्याने लिहिलं, की मायक्रोवेव्ह डायजेस्टर, म्हणजे नमुना बंद भांड्यात आम्लात तापवून विरघळवणारं यंत्र, हा पैसेवाल्या लॅबचा थाट. हळदीतलं शिसं मोजायला हॉटप्लेट, बीकर आणि नायट्रिक-परक्लोरिक आम्लं पुरतात, बाकी सगळं ऑडिटरला दाखवायला. खाली लोकांनी माना डोलावल्या. नुकतीच बीएस्सी करून लॅबला लागलेली मुलं हे वाचतात, म्हणून सविस्तर लिहिते.

उघड्या बीकरमध्ये नायट्रिक 120 अंशांच्या आसपास उकळतं. त्यापुढे आच वाढवली तरी तापमान चढत नाही, नुसतं आम्ल उडतं. डायजेस्टरच्या बंद व्हेसलमध्ये (भांड्यात) तेच आम्ल दाबाखाली 180-200 अंशांवर जातं आणि हळदीतलं तेल, स्टार्च, रंग सगळं फोडतं. अर्धा ग्रॅम नमुना, सात-आठ मिली नायट्रिक, थोडं पेरॉक्साइड, झालं. उघड्यावर पारा उडून जातो, क्लोराइड असेल तर आर्सेनिकही जातं. शिवाय झाकण नसलेल्या बीकरमध्ये दिवसभर लॅबची धूळ पडते ती वेगळीच. ब्लँक, म्हणजे नमुना न घालता लावलेल्या आम्लाचा आकडा, वर गेला की मग आम्लाच्या बाटलीला दोष.

आणि परक्लोरिक! माझ्या पहिल्या नोकरीत ते साध्या फ्यूम हूडमध्ये (धूर ओढणाऱ्या कपाटात) उकळायचे. तेलकट नमुना होता, नायट्रिक आधी संपलं आणि बीकर फुटला. शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या गालात काचा गेल्या. दुसऱ्या दिवशी हूड पुसून तेच काम सुरू. कोणी 'पुरतं' म्हणालं की मला तो गाल दिसतो.

सांगलीकर_नाना
ते लिहिणारा मीच. ताई, त्या मुलीचं वाईट वाटलं, पण तो हूडचा आणि देखरेखीचा दोष. नायट्रिक आधी भरपूर द्यायचं, काळं पडू द्यायचं नाही, परक्लोरिक शेवटी आणि थोडं. हे आम्हाला शिकवूनच हॉटप्लेटजवळ उभं केलं होतं.

आता हिशोब करा. हळदीत शिशाची आपल्याकडची मर्यादा 10 पीपीएम, म्हणजे किलोमागे 10 मिलिग्रॅम. तुमचा अर्धा ग्रॅम 50 मिलीला नेला की द्रावणात 100 पीपीबी (1000 पीपीबी म्हणजे 1 पीपीएम). लहान लॅबमध्ये फ्लेम एएएस, म्हणजे ज्योतीवर धातू मोजणारं साधं यंत्र असतं, तिथे हा आकडा डगमगतो. मी 5 ग्रॅम घेतो, 50 मिली करतो, 1 पीपीएम येतं, ठणठणीत वाचतो. डायजेस्टर घेतला की मागोमाग आयसीपी-एमएस हे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारं महाग यंत्र घ्यावं लागतं, मग आरगॉन वायू, मग एसी खोली. व्हेसलची एक झाकणी बदलायची तर कंपनीचा माणूस पुण्याहून येणार आणि येण्याचं भाडं वेगळं लावणार. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याला रिपोर्ट परवडला पाहिजे की नको?

प्लाझ्मा_पाळी
नाना, 10 पीपीएम इथलं. युरोपात माल पाठवायचा तर 2021 पासून मुळं-कंदांच्या मसाल्यांना दीड मिलिग्रॅम प्रतिकिलो. तिथे तुमच्या 5 ग्रॅमच्या द्रावणातही 150 पीपीबीच उरतं. निर्यातदाराला काय सांगणार?

आणि मायक्रोवेव्ह काल आलेला नाही. 1975 मध्ये अमेरिकेत मिझुरी विद्यापीठाच्या लोकांनी घरगुती मायक्रोवेव्ह ओव्हनमध्येच जैविक नमुने आम्लात विरघळवून दाखवले, तिथून हे सुरू झालं; बंद भांडी नंतर आली. आज भाताच्या पिठाचं सीआरएम (धातूंचं प्रमाण आधीच प्रमाणित केलेला नमुना) लावून कोणीही स्वतःची रिकव्हरी, म्हणजे त्यातलं किती हाती लागतं ते, तपासू शकतो. किती हॉटप्लेटवाले दर बॅचला सीआरएम लावतात?

सांगलीकर_नाना
मी लावतो. तुम्ही माझी वही न पाहता बोलताय.

ओ_रिंग
माझं दुखणं वेगळं आहे. व्हेसल धुतंय कोण? आमच्याकडे जास्त शिशाचा रंग आणि पिण्याचं पाणी एकाच रोटरमध्ये (व्हेसल बसवायच्या चकतीत), आणि मधे नुसत्या आम्लाचा रन लावायला वेळ नाही म्हणतात. टेफ्लॉन शिसं धरून ठेवतं. मग पाण्यात शिसं निघालं की ग्राहकाला फोन. आणि थंड व्हायच्या आधी झाकण सैल करून तांबडा धूर खोलीत सोडणारे साहेब सगळीकडे आहेत. यंत्र महागडं असलं म्हणून शिस्त सोबत येत नाही.

पायली_मापटं
सगळे आम्लावर भांडताय, खरा घोळ वजनात आहे. हळद पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिसं आणि क्रोमियमचा पिवळा रंग लावतात. त्याची 100 मायक्रॉनची एक भरीव गुठळी धरा. घनता 6.1, म्हणजे वजन साधारण 3.2 मायक्रोग्रॅम, त्यात 64 टक्के शिसं, म्हणजे 2 मायक्रोग्रॅम. पाव ग्रॅमच्या व्हेसलमध्ये ही एक गुठळी पडली तर रिपोर्टवर 8 पीपीएम वाढले! नाही पडली तर शून्य. पोतं तेच, व्यापारी तोच. नानांच्या 5 ग्रॅममध्ये तीच गुठळी 0.4 पीपीएम देते.

प्लाझ्मा_पाळी
भरीव गुठळी कोण ठेवतं? रंगाचा कण मायक्रॉनभर असतो, कांड्यांना पॉलिश करताना चोळला जातो आणि पुढे दळला जातो.

पायली_मापटं
सगळ्या गिरण्या सारख्या दळत नाहीत. मी दुकानातली सुटी पावडर दुर्बिणीखाली पाहिली आहे, गुठळ्या असतात. पोकळ म्हणून अर्धं वजन धरा, तरी 4 पीपीएम.

निळी_ज्योत
म्हणून आधी बारीक दळून, चाळून, मिसळून घ्यायचं आणि तीन व्हेसल लावायच्या. तिन्हींत आकडे फाकले तर तेच सांगतं की नमुना एकजीव नाही. आणि शिशासोबत क्रोमियम वाचा. दोन्ही वजनात 4 ला 1 च्या जवळ आले तर रंगच आहे, मातीतलं शिसं नाही.

ओ_रिंग
तीन व्हेसलचे पैसे ग्राहक देतो का? आमच्याकडे एकाच व्हेसलच्या भावात 'उद्या सकाळी रिपोर्ट' मागतात.

जुना_गिऱ्हाईक
मॅगीचं काय झालं आठवतं ना? 2015 मध्ये त्यात शिसं 17.2 पीपीएम निघालं, मर्यादा 2.5. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये बंदी रद्द करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासायला लावलं आणि शिसं मर्यादेत आलं. लोकांचा विश्वास असाच उडतो. तुम्हा लॅबवाल्यांत एकमत नाही, आम्ही काय खायचं?

प्लाझ्मा_पाळी
न्यायालयाने प्रयोगशाळांची मान्यता आणि बंदीची प्रक्रिया तपासली होती, आम्ल कुठलं वापरलं हे नाही. तो दाखला इथे जोडू नका.

जुना_गिऱ्हाईक
मग आम्हाला दोन आकड्यांतला खरा कुठला हे कोण सांगणार? तुम्ही तर एकमेकांना मूर्ख ठरवताय.

सांगलीकर_नाना
मूर्ख मला ठरवलंय, आणि तेही अशा लोकांनी ज्यांनी डायजेस्टरचं बटण दाबण्यापलीकडे काही केलेलं नाही.

निळी_ज्योत
नाना, हे चुकीचं आहे. मीही वर्षानुवर्षं बीकर हलवले आहेत, म्हणूनच सांगतेय. सल्फ्युरिक घालून शिसं मोजणारे अजून आहेत. लेड सल्फेट तळाशी बसतं, तुम्ही वरचं द्रावण वाचता आणि माल पास करता. मागच्या धाग्यात एकजण हीच कृती 'आजोबांपासूनची' म्हणून सांगत होता, तुम्ही त्याला अडवलं नाहीत.

सांगलीकर_नाना
सल्फ्युरिकचं मी कधीच समर्थन करणार नाही, आणि तिथे बोलायला हवं होतं, एवढं मान्य. पाऱ्याला बंद भांडं लागतं हेही मान्य. मी पारा घेतच नाही, वाशीला पाठवतो. पण 10 पीपीएमच्या शिशाला 5 ग्रॅम आणि हॉटप्लेट खोटं आहे हे मी ऐकून घेणार नाही.

निळी_ज्योत
खोटं म्हटलेलं नाही. 5 ग्रॅमचा मुद्दा बरोबर आहे, ते पायली_मापटं यांनी आकड्यांत दाखवलं म्हणून मानते. पण परक्लोरिक साध्या हूडमध्ये नको. हवं तर नायट्रिक आणि पेरॉक्साइडने, झाकण ठेवून, हीटिंग ब्लॉकवर करा. वेळ जाईल, कोणाचा गाल जाणार नाही.

पायली_मापटं
आणि तोवर दोघांनीही रिपोर्टवर किती ग्रॅम घेतलं ते छापा. आज एकाही रिपोर्टवर मला ते दिसत नाही.